टायरांचा दसरा

माणसाला आयुष्यात खरा आधार कशाचा, या प्रश्नाचं संपूर्ण आणि निर्णायक उत्तर सापडलेला एकच माणूस मी पाहिला आहे. तो म्हणजे माझ्या मित्राचे सासरे. या प्रश्नापायी ऋषींनी दाढ्या वाढवल्या, विद्यापीठांनी विभाग उघडले, आणि अमेरिकेत तर त्यावर शनिवार-रविवारची शिबिरं भरतात, जेवणासकट. मित्राच्या सासऱ्यांचं उत्तर फुकट असतं आणि न विचारता मिळतं. ते आपला उजवा तळहात तुमच्या डोळ्यांसमोर धरतात आणि म्हणतात, "एवढा. एका चाकाचा रस्त्याला टेका एवढाच. गाडी कितीची बी घ्या, उभी असते ती चार तळहातांवर." मग ते तळहात टेबलावर उपडा टेकवतात, जोरात पुढे सरकवतात आणि तुमच्या चहाच्या कपापाशी आणून थांबवतात. हात थांबला तर ते हिवाळ्याचे टायर. नाही थांबला तर तुमच्या गाडीला आहेत ते. आमची पहिली भेट झाली तेव्हा माझा चहा सांडला.

आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहतो. इथल्या मराठी घरांत आईवडील येतात ते मे महिन्यात. डेकवर बसून चहा पितात, कुंडीत कोथिंबीर लावतात, 'इथे धूळ कशी ती नाहीच' असं रोज एकदा म्हणतात, आणि गणपती आटोपले की बर्फाच्या आत परत जातात. मित्राचे सासरे या सगळ्यांच्या उलट दिशेने उडणारा पक्षी आहेत. अकोल्यात जरा बरी हवा सुटायला लागली की ते तिथून निघतात, इथला सबंध हिवाळा उणे पंचवीस-तीस अंशांत काढतात, आणि मार्चअखेरीस, अकोला तापायला लागलं की, परत जातात. माणसाला मानवेल असं हवामान या गृहस्थांनी गेल्या सहा वर्षांत पाहिलेलंच नाही. पहिल्यांदा आले तेव्हा मिनीॲपोलिसच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारला, येण्याचं कारण काय? मुलीने त्यांच्याकडून 'फॅमिली व्हिजिट' हे दोन शब्द आठवडाभर फोनवर पाठ करून घेतले होते. ते ऐन वेळी विसरले आणि खरं बोलून गेले: "डॉटर्स टायर्स. फॉर स्नो." अधिकारी इथलाच असावा. त्याने मान वर करून विचारलं, "ऑल फोर?" हे म्हणाले, "ऑल फोर." त्याने शिक्का मारला. अमेरिकेविषयी त्यांचं मत तेव्हा जे चांगलं झालं, ते आजतागायत टिकून आहे.

अकोल्याला सरकारी बसच्या डेपोत छत्तीस वर्षं ते टायरखात्यात होते, शेवटची अकरा वर्षं फोरमन. त्यामुळे त्यांची नजर माणसाच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. ती आधी चाकांवर जाते. दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सगळी मंडळी आत कोटांचा ढीग रचून बटाटेवड्यांकडे वळलेली असतात, तेव्हा हे बाहेर ड्राइव्हवेवर बॅटरी घेऊन वाकलेले असतात. मग आत येऊन ते एखाद्या अनोळखी गृहस्थाला बाजूला घेतात आणि डॉक्टर वाईट बातमी सांगतो तशा आवाजात विचारतात, "ती निळी गाडी तुमची का? पुढचं डावं आतून खाल्लेलं आहे बाप्पा. किती दिवसांपासून आहे?" माणसं त्यांच्या लक्षात राहतात तीही टायरांवरून. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचं नाव त्यांना सहा वर्षांत पाठ झालेलं नाही; ते त्यांना 'टकले टायर' म्हणतात, आणि अध्यक्षांचा समज आहे की हा शेरा त्यांच्या डोक्यावर आहे.

टायरच्या अंगावर चार आकडी संख्या कोरलेली असते, तो कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी जन्मला ते सांगणारी. तिला ते पत्रिका म्हणतात आणि ती पाहिल्याशिवाय पुढची बोलणी करत नाहीत. टायरवर 'एम' आणि 'एस', म्हणजे मड आणि स्नो, ही अक्षरं दिसली की आपल्याला वाटतं, झालं, हा बर्फाचा. ते म्हणतात, "ते नुसतं आडनाव आहे. आडनाव पाटील असलं म्हणून शेती असते का? डोंगर पाहा डोंगर." तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाची चांदणी, असं चिन्ह असेल तरच तो टायर हिवाळ्याचा. 'ऑल सीझन' या शब्दाचा तर त्यांना मनस्वी तिटकारा आहे. "बारमाही गवई," ते म्हणतात. "सगळे राग म्हणते, एक बी धड नाही."

हे तोंडी सांगून कुणाला पटत नाही, म्हणून त्यांनी पुराव्याची सोय करून ठेवली आहे. मित्राच्या घरी फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी, रबराचे दोन तुकडे कायम ठेवलेले असतात. एक ऑल सीझनचा, एक हिवाळ्याच्या टायरचा. पाहुणा आला की ते दोन्ही बाहेर काढतात आणि त्याला अंगठ्याने दाबून बघायला लावतात. "हे पाहा. तीन दिवसांची शिळी भाकर. आता हे दाबा. पुरणपोळीची कणीक. थंडीत कडक झालेली भाकर रस्त्याला धरून राहील का कणीक?" एकदा मित्राचा साहेब, अगदी अस्सल अमेरिकन माणूस, घरी जेवायला आला होता. त्यालाही हा प्रयोग करावा लागला. जेवायला काय आहे याची कल्पना नसल्यामुळे त्याने तो तुकडा बराच वेळ आदराने हातात धरून ठेवला होता.

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण झालं ते माझ्या गाडीवरून. माझी गाडी चारही चाकांना जोर देणारी आहे, आणि ती घेताना मी त्या गोष्टीचे जास्तीचे पैसे मोजले असल्यामुळे माझा तिच्यावर श्रद्धेपलीकडचा विश्वास होता. मी त्यांना ऐकवलं, "काका, माझी ऑल व्हील ड्राइव्ह आहे. मला नाही लागत वेगळे टायर."

"चारही चाकं चालवते?"

"चारही."

"अन् थांबवते कोण?"

मी म्हणालो, "ब्रेक."

"ब्रेक चाक थांबवते, भाऊ. गाडी थांबवते टायर," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की मी विषय बदलला. मी पुण्याचा असल्यामुळे विषय बदलला याचा अर्थ मला पटलं असा होत नाही.

पण हे सगळं सुरू झालं ते त्यांच्या मुलीमुळे. मनीषा फिजिओथेरपिस्ट आहे. लग्न होऊन इथे आली ती डिपेंडंट व्हिसावर. सात वर्षं तिला नोकरीची परवानगी नव्हती. त्या सात वर्षांत तिने केलेल्या केकवर आमच्या गल्लीतली सगळी मुलं वाढली. अखेर परवानगी आली, परीक्षा झाल्या, लायसन्स हातात पडलं, आणि नोकरी मिळाली ती अडतीस मैल पश्चिमेला, मक्याच्या शेतांमधल्या एका छोट्या गावातल्या वृद्धाश्रमात. तिला त्याचंही काही वाटलं नाही. म्हाताऱ्या शेतकऱ्यांचे गुडघे आणि खुबे चालते करायचे, हे काम तिला मनापासून आवडलं. उन्हाळा गेला, पानगळ गेली. डिसेंबरात एका सकाळी, साध्या वळणावर, तिची गाडी अगदी सावकाश दीड गिरकी घेऊन शेजारच्या खड्ड्यात तोंड मागे करून बसली. तिला काही लागलं नाही. गाडीलाही काही झालं नाही. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून बाहेर काढलं आणि तो "होतं असं" म्हणून निघूनही गेला. पण मनीषा मला नंतर म्हणाली, "ती दीड गिरकी माझी अजून थांबलेली नाही. आपण स्टिअरिंग धरलेलं असतं आणि त्याचा कशाशी संबंधच नसतो रे."

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी घेतली. मग तीन दिवस घेतली. मग बिनपगारी रजा घेतली ती थेट एप्रिलपर्यंत. वृद्धाश्रमातली मुख्य बाई चांगली होती. तिने रजा दिली, पण सरळ सांगितलं: पुढच्या हिवाळ्यात मात्र यावंच लागेल, पेशंट बर्फ वितळायची वाट बघत बसू शकत नाहीत, पहिल्या बर्फाच्या दिवशी तू आली नाहीस तर मला दुसरं माणूस शोधावं लागेल. मनीषाने वडिलांना फोन करून सांगितलं की, बाबा, हे काही मला जमेलसं वाटत नाही, हिवाळ्याआधी सोडूनच देते. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडीला टायर कोणते?"

"म्हणजे?"

"टायर, मने, टायर. कोणते आहेत?"

"काळे आहेत, बाबा."

त्यांनी त्या आठवड्यात पासपोर्टचा अर्ज भरला.

ते आले सप्टेंबरात, पितृपक्ष बसल्यावर. त्यामुळे टायर लगेच घेता येईनात. पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नाही. मित्राने समजावून पाहिलं की अमेरिकेत सध्या सेल चालू आहे. ते म्हणाले, "सेल पितरांना सांगा." घटस्थापना झाली त्या दिवशी संध्याकाळी मनीषाची गाडी घेऊन आम्ही तिघं टायरच्या दुकानात गेलो. दुकानाचा मालक डेल, पोटापर्यंत दाढी असलेला आणि दिवसाला वीसएक शब्द बोलणारा माणूस. सासऱ्यांचं इंग्रजीही साधारण तेवढंच, त्यामुळे दोघांचं तत्काळ जमलं. डेलने पहिला टायर पुढे केला. सासऱ्यांनी चष्मा लावून पत्रिका वाचली आणि मान हलवली. तीन वर्षांचा निघाला. "हा वर वयस्क आहे," ते मला म्हणाले. डेलला भाषांतर लागलं नाही. तो मुकाट्याने आत जाऊन त्याच वर्षीचे घेऊन आला. मग मित्राने आपला मुद्दा मांडला, की बाबा, गाडीला जोर पुढच्या चाकांना आहे, तर पुढचे दोनच घेऊ.

"जावईबापू," सासरे म्हणाले. चिडले की ते जावयाला जास्त मान देतात. "पुढचे पाय बुटात अन् मागचे स्लिपरमध्ये घालून तुम्ही उतारावरून पळून दाखवा. मग दोन घेऊ."

चार घेतले. वेगळ्या रिमवर चढवूनच घेतले, म्हणजे दर वर्षी नुसती चाकं बदलायची. डेल म्हणाला, आत्ताच लावून देतो, वीस मिनिटांचं काम आहे. तेव्हा सासऱ्यांनी हात वर केला. "नो. ऑन दसरा."

डेपोत छत्तीस वर्षं असंच होत आलं होतं. नवमीला जॅक, पाने, हवेचा पंप सगळं धुऊन पुसून पूजेला मांडायचं. दसऱ्याला गाड्यांना हार, आणि नवा टायर चढणार असेल तर तो त्या दिवशी. शिवाय त्यांनी पंचांग आणि हवामान मांडीवर घेऊन हिशेब केला होता: पारा सातच्या खाली जाऊ लागला की जुना टायर कडक व्हायला लागतो (फॅरनहाइट ते मानत नाहीत), आणि इथे दसऱ्याच्या सुमारास सकाळी पारा सातच्या खाली असतोच. धर्म आणि रबर यांचा इतका सुरेख मेळ बसलेला पाहून त्यांना स्वतःलाच गहिवरून आलं होतं. डेलने विचारलं, दसरा कधी असतो? मित्राने सांगितलं, दर वर्षी बदलतो, आणि यंदा जरा उशिरा आहे, कारण यंदा आमचा एक महिना जास्त आहे. डेलने यावर थोडा विचार केला. "एक महिना जास्त," तो म्हणाला. "आणि बँकांची सॉफ्टवेअर तुम्ही लिहिता." मग त्याने चाकं गाडीत ठेवून दिली.

घरी चारही टायर गॅरेजमध्ये पाटावर उभे राहिले. त्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या. मनीषा रोज कामावरून आली की त्यांच्याकडे बघून आत जायची. हिवाळ्याआधी सोडते हे वाक्य तिने परत उच्चारलं नव्हतं, आणि सोडणार नाही असंही ती म्हणालेली नव्हती. सगळं त्या चार टायरांवर येऊन थांबलं होतं.

आणि सातव्या माळेला, रविवारी, दुपारी चारच्या सुमारास सगळ्यांचे फोन एकदम वाजले. हवामानाचा इशारा: उद्या पहाटेपासून बर्फ, पाच ते सात इंच. ऑक्टोबरात. दसऱ्याला तीन दिवस होते. मित्राने डेलला फोन लावला तर दुकान बंद. डेल उत्तरेकडे तळ्यावरची आपली केबिन हिवाळ्यासाठी बंद करायला गेलेला, मंगळवारी येणार. मित्राने मला बोलावलं. मी समोरच राहतो. गेलो तर स्वयंपाकघरात मनीषा उभी होती आणि चेहऱ्यावरून कळत होतं की तिची दीड गिरकी सुरू झाली आहे.

"उद्या सुट्टी टाकते," ती म्हणाली. "एक दिवस काय होतंय? मंगळवारी डेल येईल."

"आजारी आहे म्हणून कळव," मित्र म्हणाला. "किंवा वर्क फ्रॉम होम घे."

"म्हाताऱ्यांचे गुडघे लॅपटॉपवर वाकवता येतात का, जावईबापू?" आतून आवाज आला. सासरे देवघरातून बाहेर आले. नऊ दिवसांचा उपास होता, केळी आणि दाणे यांवर चाललं होतं. अंगात मित्राचा जुना स्कीइंगचा कोट, खाली पायजमा. त्यांनी बाह्या सारल्या. "चला गॅरेजात."

मनीषा म्हणाली, "बाबा, दसऱ्याला तीन दिवस आहेत. तुम्हीच म्हणाला होतात."

"दसरा कुठं जात नाही, मने," ते म्हणाले. "नोकरी जाते."

माळा काढून त्यांनी खुंटीला अडकवल्या आणि काम सुरू झालं. इथे सांगायला हवं की माझा मित्र एका मोठ्या कंपनीत डेटा विभागाचा डायरेक्टर आहे, त्याच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत, आणि आपल्या गाडीत जॅक कुठे ठेवलेला असतो ते त्याने त्या दिवशी मोबाइलवर शोधलं. माझं शिक्षण त्याच्याहून जास्त असल्यामुळे माझा उपयोग त्याच्याहून कमी झाला. आम्ही गाडी जॅकवर उचलली आणि मग नट सोडवू लागलो. चाक हवेत गोल फिरायला लागलं, नट जागच्या जागी. सासरे स्टुलावर बसून पाहत होते. "उतरवा खाली," ते म्हणाले. "आधी नट ढिले, मग जॅक. डेपोत तुम्हाला पहिल्या दिवशी पाणी भरायला ठेवलं असतं." मग मी पान्यावर उभा राहिलो, चक्क दोन्ही पायांनी, आणि पहिला नट हलला. मित्राने टाळ्या वाजवल्या. अर्ध्या तासात आम्ही एक चाक बसवलं आणि घाम पुसत मागे सरलो.

"बाण कुठं आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

टायरच्या कडेवर बाण असतो, चाक कुठल्या बाजूला फिरायचं ते दाखवणारा. आमचा बाण गाडीच्या मागच्या दिशेला होता. उजवीकडचं चाक डावीकडे लागलं होतं.

"ऐन नवरात्रात," ते म्हणाले, "रामाचा बाण लंकेकडं पाठ करून मारला तुम्ही. काढा."

त्यानंतर त्यांनी आम्हाला बाजूला केलं. गोणपाट अंथरून जमिनीवर बसले. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघ्यात त्रास, उपास सातव्या दिवशीचा. पण पाना हातात आला आणि त्यांचे हात त्यांच्यापेक्षा तरुण झाले. नट समोरासमोरचे आवळायचे, शेजारशेजारचे नाही, असं ते दर चाकाला पुटपुटत होते. आम्हाला सांगत होते की नटांना, कळत नव्हतं. शेवटच्या चाकापाशी मनीषा येऊन त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मला द्या." त्यांनी पाना दिला. ती आवळत होती आणि ते नुसती मान हलवत होते. ते चाक सगळ्यात लवकर झालं, याची नोंद आम्ही दोघांनीही घेतली नाही.

सकाळी बर्फ सांगितल्याप्रमाणे पडला. मनीषा सहाला निघाली. मी साडेसहाला, ऑफिसात लवकर मीटिंग असल्यामुळे आणि मनातल्या मनात माझ्या चारही चाकांवर विश्वास असल्यामुळे, गाडी बाहेर काढली. ती निघाली उत्तम. जोर चारही चाकांना होता याबद्दल माझी आजही तक्रार नाही. ड्राइव्हवेच्या टोकाला मी ब्रेक दाबला, तेव्हा ती अगदी संथ वेगाने, एखाद्या पाहुण्यासारखी, पुढे चालत गेली आणि माझ्याच पोस्टाच्या पेटीला टेकली. पेटी आडवी झाली. मी उतरलो आणि, घरात जाऊन बायकोला सांगण्याचं धैर्य नसल्यामुळे, समोर मित्राकडे गेलो.

सासरे खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले होते. फोन मांडीवर. खिडकीतून माझी पेटी स्वच्छ दिसत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलले नाहीत. सहा वर्षांत टायरविषयी बोलण्याची ही एकच संधी त्यांनी सोडली. मित्र मागे येरझारा घालत होता. चहा करून ठेवला होता, तो कुणी घेतला नाही. सव्वासात झाले. साडेसात झाले. मित्र म्हणाला, फोन करू का? सासरे म्हणाले, "गाडी चालवताना फोन करतात का?" सात पस्तीसला फोन वाजला.

"पोहोचले, बाबा."

"नट पाहिले?"

"पाहिले. घट्ट आहेत. टायर एकदम मस्त आहेत, बाबा."

"बरं," ते म्हणाले. फोन खाली ठेवला आणि दोन्ही तळहात मांडीवर टेकवले. मग उठून घटाला पाणी घातलं, चहा गरम केला, आणि कप माझ्या हातात देत म्हणाले, "आता तुमचं पाहू."

त्या हिवाळ्यात मनीषाने एकही दिवस चुकवला नाही. आता ती तिथली विभागप्रमुख आहे. माझ्या गाडीला डोंगराचे चार टायर आहेत. आमच्याकडच्या तीसेक मराठी घरांत ती प्रथाच पडली. नियम फक्त किंचित बदलला आहे. 'दसरा किंवा बर्फ, जे आधी येईल ते.' त्या आठवड्यात डेलच्या दुकानासमोर पैठण्या आणि जॅकेटं घातलेल्या मंडळींची रांग लागते. हा टायरांचा सण आहे असं कुणीतरी त्याला सांगितलंय, आणि तो जुलैपासून विचारायला लागतो की यंदा महिने किती.

सासरे या वर्षीही आले. विमानतळावर या खेपेला व्हीलचेअर घ्यावी लागली. ढकलणाऱ्या माणसाला त्यांनी सांगितलं की तुझं डावं चाक लंगडतंय, आणि ते खरंच लंगडत होतं. आता ते जमिनीवर बसत नाहीत. स्टुलावर बसतात, आणि मनीषा चाकं बदलते. चूक सापडते का म्हणून ते शेवटपर्यंत पाहत राहतात. सापडत नाही, तेव्हा थोडे उदास होतात. पण पॉटलकला कुणी नवं माणूस भेटलं की त्यांना पुन्हा रंग चढतो आणि ते सातव्या माळेची गोष्ट सांगतात. पहिल्या वर्षी त्या गोष्टीत पाच इंच बर्फ होता. आता दीड फूट आहे, वारा आहे, समोरचं काही दिसत नाही, आणि त्या पांढऱ्या अंधारातून त्यांची लेक चार तळहातांवर अडतीस मैल जाते. ऐकणाऱ्यांत एखाददुसरा डोळे पुसतो. दुसऱ्या दिवशी डेलकडे गिऱ्हाईक वाढतं.

यंदा दसऱ्याला गॅरेजमध्ये नट आवळता आवळता मनीषाने मला दोन गोष्टी सांगितल्या, बाबांना सांगू नकोस म्हणून. एक, दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, त्याच वळणावर, काचेसारख्या बर्फावर तिच्यासमोर हरीण उभं राहिलं होतं, आणि गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. ती गोष्ट त्यांना कळली तर ते काळजीने आजारी पडतील. आणि दुसरी त्या सातव्या माळेची. ड्राइव्हवेवरून रस्त्याला वळताच तिच्यापुढे सरकारचा बर्फ ढकलणारा ट्रक लागला होता, मीठ टाकत चाललेला, आणि तो थेट वृद्धाश्रमाच्या दारापर्यंत तिच्यापुढेच होता. त्या दिवशी टायरांना बर्फ लागला तो घरासमोरच्या ड्राइव्हवेवर, साधारण तीस फूट.